एक काना कमी

चौदा सप्टेंबरला, सोमवारी, चार हजार तीनशे ऐंशी रुपयांचं कोटेशन नामंजूर होऊन परत आलं. कोटेशन एका लॉकचं होतं. रुग्णालयाच्या मागच्या बाजूला एक मोठी लिफ्ट आहे. तिच्यातून खाटा, चादरी आणि जेवणाच्या गाड्या वरखाली होतात. तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दाराचं लॉक झिजलं होतं. देखभालीचं कंत्राट घेतलेली कंपनी म्हणत होती, सुटे भाग रुग्णालयाने घ्यायचे. रुग्णालय म्हणत होतं, कंत्राटात सगळं आलं. दोघांच्या वादात झिजलेलं लॉक जागच्या जागी होतं. कोटेशनवर कंपनीच्या मॅनेजरने लाल पेनने शेरा मारला होता, 'तात्पुरती व्यवस्था करावी.'

तात्पुरती व्यवस्था म्हणजे काय, हे त्या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लिफ्टच्या प्रत्येक मजल्यावरच्या दाराला लॉक असतं आणि लॉकच्या आत विजेची दोन टोकं. दार नीट लागलं की ती टोकं भेटतात, वीज पुढे जाते, लिफ्ट हलते. लॉक झिजलं की दार लागूनही टोकं भेटत नाहीत आणि लिफ्ट रुसून मध्येच उभी राहते. अशा वेळी वर मशीनरूममध्ये जायचं आणि वीतभर तार घेऊन ती टोकं परस्पर जोडून टाकायची. मग दार लागलं काय, उघडं राहिलं काय, लिफ्टला दोन्ही सारखंच. लिफ्ट धावते, तक्रार बंद होते. याला 'तार टाकणं' म्हणतात. तात्पुरती टाकलेली तार आणि चार दिवसांसाठी आलेला पाहुणा, दोघांच्याही जाण्याचा दिवस कोणी विचारत नाही.

ही तार ताईंनी टाकली होती.

ताई म्हणजे कंपनीच्या नऊ मेकॅनिकांपैकी एक, आणि नवांतली एकटी बाई. वय बेचाळीस, नोकरी एकोणीस वर्षं. कमरेला पाने-पकडींचा पट्टा, पायात लोखंडी टोपीचे बूट, केसांवर घट्ट रुमाल. दोराजवळ काम करताना केस मोकळे ठेवणं म्हणजे मरणाला आमंत्रण, हे त्या पहिल्या आठवड्यात शिकल्या होत्या. बाकी आठजण त्यांना ताई म्हणत आणि ताई म्हणत म्हणतच तेलाची बुधली त्यांच्या हातात देत. कंट्रोल पॅनल उघडायचं काम निघालं की सगळ्यात जुना मेकॅनिक पुढे व्हायचा. त्याला सगळे मुकादम म्हणत, कारण पगार मेकॅनिकचा असला तरी आवाज मुकादमाचा होता.

"ताई, तुम्ही खाली खड्डा साफ करा. पॅनलचं मी बघतो. नाजूक काम आहे."

"मुकादम, नाजूक काम बायकांना देतात म्हणे."

"ते शिवणकाम हो."

एकोणीस वर्षांत हा विनोद निदान दोनशे वेळा झाला असेल. ताई हसायच्या आणि खड्ड्यात उतरायच्या.

पण हाच मुकादम दुपारी डबा खाताना फोन काढायचा आणि एक पान उघडून मोठ्याने वाचायचा. ते पान 'मशीनरूम' नावाच्या इंटरनेटवरच्या चर्चेच्या जागेचं होतं. लिफ्टची कामं करणारे दीडएकशे लोक तिथे लिहायचे, गावोगावचे, निरनिराळ्या कंपन्यांचे. खरं नाव कोणीच लावत नसे. एक होता 'काउंटरवेट', एक 'अर्धा मजला', एक 'ओव्हरलोड'. ती जागा चालवणारा स्वतःला 'जुना दोर' म्हणवायचा. निवृत्त मेकॅनिक असावा, याहून जास्त कोणाला माहीत नव्हतं. अडलेलं काम तिथे लिहायचं, कोणीतरी वाट दाखवायचं. आणि जे कचेरीत कधीच बोलता येत नाही तेही लिहायचं: मी ब्रेक उलटा बसवला, मी तपासणी न करताच वहीत सही केली, कोणी असं करू नका.

"ऐका, ऐका," मुकादम घास अडवून म्हणायचा. "हे तळमजला साहेब काय लिहितात बघा. 'वेग रोखणाऱ्या गव्हर्नरचा दोर सैल असल्यास आधी खालची कप्पी पाहावी. माझ्याकडून हे उशिरा पाहिलं गेलं.' बघा, काय माणूस आहे! आपली चूक आधी सांगतो. शिका जरा. ताई, तुम्ही पण शिका."

"शिकते," ताई म्हणायच्या आणि डब्याचं झाकण लावायच्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. 'तळमजला' म्हणजे ताई.

सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा लिहायला बसल्या तेव्हा ताईंपुढे एक अडचण उभी राहिली. नाव लपवणं सोपं होतं. मराठी क्रियापद लपवणं अवघड होतं. 'मी गेलो' लिहावं तर पुरुष, 'मी गेले' लिहावं तर बाई. बाई म्हणून लिहावं तर त्या भागात या कामात बाई एकच, म्हणजे नाव-पत्ता लिहिल्यासारखंच. आणि 'मी गेलो' लिहायला हात धजेना. रात्री जेवताना त्यांनी ते घरी बोलून दाखवलं.

नवरा म्हणाला, "लिही की 'गेलो'. कोण बघायला येतंय?"

"ते खोटं होईल. नाव न सांगणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं."

सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होत्या. त्या म्हणाल्या, "बरोबर बोलतेय ती. आम्हाला नाव सांगायची बंदी होती. मी चौतीस नंबर. लोक चौतीस नंबरला काय काय सांगायचे म्हणून सांगू! शेजारणीला सांगणार नाहीत ते. पण मी कधी कोणाला म्हटलं नाही की मी छत्तीस नंबर आहे."

"छत्तीस नंबर म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?" नवऱ्याने विचारलं.

"छत्तीस नंबरला शिव्या बसल्या असत्या, गाढवा."

मग ताईंनी व्याकरणाशी तडजोड केली. शाळेत कंटाळा यायचा तोच विषय आता कामाला आला. भविष्यकाळ सोयीचा: मी येईन, मी पाहीन, बाई-पुरुष एकच. भूतकाळात पाहण्या-करण्याची क्रियापदं चालतात: मी दार उघडलं, मी दोर तपासला. अडचण येण्या-जाण्याची, बसण्या-उठण्याची आणि एकूण वर्तमानकाळाची. तिथे वळसा घ्यायचा. 'मी तिथे गेले' ऐवजी 'माझं तिथे जाणं झालं.' 'मी सांगते' ऐवजी 'सांगावंसं वाटतं.' 'मी विसरले' ऐवजी 'माझ्याकडून राहून गेलं.' लिहून झालं की मजकूर दोनदा वाचायचा, प्रत्येक क्रियापदावर बोट ठेवून, जसा दोर तपासताना वीत वीत हात फिरवतात तसा.

त्यामुळे तळमजल्याची भाषा सरकारी वाटायची. 'काउंटरवेट'ने एकदा लिहिलं होतं, "तळमजला साहेब आधी कचेरीत हेडक्लार्क असणार. घरी 'माझ्याकडून जेवण करण्यात आलं' असं म्हणत असतील." सगळे हसले. ताईंनी उत्तर दिलं, "जेवण करण्यात आलं आहे. ढेकर सादर." तेव्हापासून तळमजला साहेबांच्या शब्दाला आणखी वजन आलं. हाच 'काउंटरवेट' आधी एकदा लिहून गेला होता की बायकांनी लिफ्ट दुरुस्त केली तर लिफ्ट माहेरीच जाऊन बसेल. आता तो अडला की सगळ्यात आधी तळमजल्याला विचारायचा. ताईंनी तो हिशोब कधी काढला नाही.

सगळं गोडच होतं असंही नाही. 'ओव्हरलोड'ने एका बनावटीच्या दोराबद्दल भलतीसलती अफवा उठवली आणि पुढे कळलं की तो दुसऱ्या बनावटीचा दोर विकायचा. तेव्हा एका पदवीवाल्या इंजिनिअरने मागणी केली की सगळ्यांनी खरी नावं लावावीत, म्हणजे जबाबदारीने लिहितील. मत घेतलं गेलं. ताईंनी चारच ओळी लिहिल्या: "नाव लिहिलं की माणसाला आधी पगार आठवतो, मग दोर. इथे दोर आधी आठवतो. अफवा खोटी होती ती नाव नसल्यामुळे नव्हे, खोटी होती म्हणून. ती आपण दोर तपासूनच खोटी ठरवली, माणूस तपासून नव्हे." एकशे बारा विरुद्ध एकोणचाळीस मतांनी नावं न लावण्याचं ठरलं. 'ओव्हरलोड'ला ठेवून घेतलं, पण त्याच्या अफवेखाली जुन्या दोराने कायमची ओळ घातली: 'हे चूक आहे, मोजमाप खाली.' मशीनरूमच्या वहीत खाडाखोड नसते, हा जुन्या दोराचा नियम होता. लिहिलेलं पुसायचं नाही, चुकलं तर खाली दुरुस्ती लिहायची.

तार टाकल्याला पाच आठवडे झाले. वीस ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमारास ताई त्या लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरल्या होत्या. महिन्याची साफसफाई आणि ग्रीस. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबवून, खड्ड्यातला स्विच बंद करून, सगळं नियमाप्रमाणे. वर दुसऱ्या मजल्यावर एक आया चादरींची ट्रॉली घेऊन आली. लिफ्ट आलेली नाही, पण दार ओढलं तर उघडलं. झिजलेल्या लॉकने धरलंच नाही. ट्रॉलीची पुढची दोन चाकं पोकळीत गेली. आयाने मूठ सोडली नाही म्हणून ट्रॉली काठावर लटकून राहिली. वरचा गठ्ठा तेवढा सुटला.

ताईंना वर पाहायलाही वेळ मिळाला नाही. अंगावर एकदम पांढरं काहीतरी कोसळलं आणि अंधार झाला. चादरी होत्या. ट्रॉली असती तर तिचं वजन ताईंना माहीत होतं. ऐंशी किलो.

त्या वर गेल्या तेव्हा आया जमिनीवर बसून हसत होती. हसणं थांबेना. मग रडायला लागली. "बाई, कोणाला सांगू नका. गठ्ठा पाडला म्हणून माझ्यावरच येईल. माझी नोकरी कच्ची आहे."

ताईंनी कबूल केलं आणि वहीत फक्त 'मासिक देखभाल' लिहिलं. मग मशीनरूममध्ये जाऊन त्यांनी स्वतः टाकलेली तार काढली. लिफ्ट बंद पडली. तासाभरात मॅनेजरचा फोन आला.

"ताई, तुम्ही गेलात आणि लिफ्ट बंद?"

"लॉक गेलंय साहेब. दार लिफ्ट नसताना उघडतंय."

"ते मला माहीत आहे. तार कुठे गेली?"

"काढली."

"मग टाका."

"लॉक द्या, बसवते."

"तुम्ही राहू द्या. मी मुकादमला पाठवतो."

मुकादमने जाऊन तार टाकली. संध्याकाळी डेपोत भेटला तेव्हा तो ताईंकडे न बघता म्हणाला, "वरून सांगितलं तर आपण काय करणार?" त्याचंही चूक नव्हतं. मुलाच्या शिक्षणाचा दुसरा हप्ता तोंडावर होता.

घरी आल्यावर ताई तशाच बसून लिहायला लागल्या. रुग्णालय लिहिलं नाही, चादरी लिहिल्या नाहीत, आयाचं नाव काढलं नाही. लिहिलं एवढंच: "एका ठिकाणी मी लॉकवर तार टाकली. तार नसती तर लिफ्ट बंद पडली असती. बंद पडली असती तर ओरड झाली असती. ओरड झाली असती तर लॉक आलं असतं. माझ्या तारेने ओरड बंद केली, धोका नाही. आज खाली काम चालू असताना वरचं दार लिफ्ट नसताना उघडलं. मी घाबरले. तुमच्याकडे अशा किती तारा आहेत? ठिकाण नको, कंपनी नको, फक्त आकडा लिहा."

पाठवलं आणि फोन उशीखाली ठेवून दिला. दोनदा वाचायचं राहून गेलं.

सकाळी पाहिलं तर खाली ओळींवर ओळी होत्या. 'काउंटरवेट': तीन. 'अर्धा मजला': एक, शाळेत, लाज वाटते. कोणी दोन, कोणी पाच. 'ओव्हरलोड': चार, आणि कालपर्यंत मला त्या आठवतही नव्हत्या. दोन दिवसांत आकडा एकाहत्तरवर गेला. कुठल्याही कचेरीने विचारलं असतं तर उत्तर शून्य आलं असतं, आणि त्या शून्याखाली सह्याही असत्या.

या सगळ्याच्या वर जुन्या दोराचा एक खासगी निरोप होता. "तळमजला, लेखन उत्तम आहे. शेवटून तिसऱ्या ओळीत एक काना कमी पडला आहे."

ताईंनी ती ओळ पाहिली. 'घाबरले.' 'घाबरलो' नाही, 'भीती वाटली' नाही. घाबरले. सहा वर्षं जपलेलं एका कान्यापायी उघडं पडलं होतं. ताई खाली बसल्या. कंपनीत एकच बाई. मॅनेजर 'मशीनरूम' वाचतो, हे सगळ्यांना माहीत होतं. नोकरी गेली तर या वयात, या कामात, बाई म्हणून दुसरीकडे कोण घेणार? नवऱ्याच्या दुकानाचं भाडंही ताईंच्याच पगारातून जात होतं.

त्यांनी लिहिलं, "पुसता येईल का?"

उत्तर आलं, "पुसणार नाही. पुसलं की पुसलेलंच सगळे शोधतात. शिवाय बऱ्याच जणांनी उतरवून घेतलंय. जरा थांबा."

अर्ध्या तासाने जुन्या दोराने सगळ्यांसाठी एक ओळ टाकली. "मी काल बाजारात गेले आणि छत्री तिथेच विसरून आले."

खाली कोणीतरी विचारलं, "काका, तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम आहे. आजपासून मी अशीच लिहिणार आहे. ज्यांना कारण कळलं त्यांनी विचारू नये. ज्यांना कळलं नाही त्यांनीही तसंच लिहावं."

एक तास गेला. मग 'अर्धा मजला': "मी आज चार लिफ्ट करून आले. दमले." मग आणखी एक. 'काउंटरवेट'ला उशिरा समजलं, पण समजलं तेव्हा त्याने हात सैल सोडला: "इश्श, मी तर बाई पॅनल उघडून बघितलंच नाही, लाजले." त्यावर जुन्या दोराने दटावलं, "नाटक नको. फक्त क्रियापद." पदवीवाला इंजिनिअर म्हणाला, हे पोरकट आहे, माझ्याच्याने होणार नाही, आणि आठवडाभर गप्प बसला. त्याच्या गप्प बसण्यानेही मदतच झाली, तेवढे 'गेलो' कमी झाले. शुक्रवारपर्यंत दीडएकशे दणकट पुरुष 'मी आले, मी गेले, मी पडले' लिहीत होते. काहीजण मध्येच चुकून 'गेलो' लिहायचे आणि खाली दुरुस्ती टाकायचे: 'गेले वाचावे.'

ताई रोज वाचत होत्या. त्या आठवड्यात त्यांनी स्वतः काहीच लिहिलं नाही.

एकाहत्तरचा आकडा तोवर कोणीतरी छापून लिफ्ट निरीक्षकांच्या कचेरीत टाकला होता. कोणी, ते कळलं नाही. निरीक्षकांचं पत्र सगळ्या कंपन्यांना गेलं: पंधरा दिवसांत तारा काढा, लॉकांची यादी पाठवा. शनिवारी मॅनेजरने ताईंना आणि मुकादमला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर कागद होता. एका शब्दाभोवती लाल गोल.

"वाचा," मॅनेजर म्हणाला.

ताईंनी वाचलं.

"घाबरले. आपल्याकडे घाबरणाऱ्या बायका किती आहेत?"

"घाबरणारे पुष्कळ आहेत साहेब," मुकादम मध्येच म्हणाला. "बायका एकच... म्हणजे बाई एकच आहे. पण ते तिकडे आता सगळ्याच बायका आहेत. हे बघा ना." त्याने फोन पुढे केला. "माझ्या घरी यावरून भांडण झालं. बायको म्हणते, ही कोण बाई तुमच्या फोनवरून 'मी निघाले' लिहितेय?"

"म्हणजे तुम्हीपण?"

"लिहिलं साहेब. हौस."

"हे सगळं नंतरचं आहे," मॅनेजर कागदावर बोट आपटत म्हणाला. "मला मूर्ख समजू नका. पहिलं हे. ताई, सरळ विचारतो. हे तुम्ही लिहिलं का?"

नाव न सांगण्याचा आणि खोटं बोलण्याचा जो फरक ताईंनी सहा वर्षं सांभाळला होता, तो इथे येऊन टेबलावर पडला. 'नाही' म्हटलं तर नोकरी वाचत होती. मुकादमने डोळ्यांनी तसं सुचवलंही. ताईंनी रुमालाची गाठ घट्ट केली.

"ते कोणी लिहिलं, हे मी सांगणार नाही."

"म्हणजे तुम्हीच."

"मी 'हो'ही म्हणाले नाही आणि 'नाही'ही म्हणाले नाही. साहेब, तुम्ही कोणी लिहिलं ते विचारताय. लिहिलंय ते खरं आहे का, ते विचारा. त्याचं उत्तर लगेच देते, सहीनिशी."

"ते मला माहीत आहे."

"खरं आहे, हे माहीत आहे?"

मॅनेजरने कागद उलटा करून ठेवला.

"मग नाव मिळून लॉक बसणार आहे का?"

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याच्यावरही कोणीतरी होतं आणि त्याला दर महिन्याला तक्रारींचा आकडा वर पाठवावा लागायचा. त्याने कागदाची घडी केली, खणात टाकली आणि म्हणाला, "सोमवारपासून तुम्ही गोदामांच्या लिफ्ट बघा. शहराबाहेरच्या."

गोदामांच्या लिफ्टमधून माणसं जात नाहीत, खोकी जातात. घरून दोन बस, जाऊन-येऊन तीन तास. पगार तोच. शिक्षा होती, पण कागदावर ती 'मार्गबदल' होती.

जिन्यात मुकादम थांबला. एक पायरी खाली उतरला, पुन्हा वर आला.

"ताई, एवढंच सांगा. ते गव्हर्नरच्या कप्पीचं..."

"विचारू नका, मुकादम."

"नाही विचारत." तो दोन पायऱ्या उतरला. "सहा वर्षं मी तुम्हाला वाचून दाखवत होतो हो. तुम्ही पण शिका म्हणून."

"शिकले की."

मुकादम कपाळावर हात मारून हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, "सोमवारी रुग्णालय माझ्याकडे येईल. तार मी काढतो. लॉक आल्याशिवाय लिफ्ट चालू करणार नाही. ओरडू देत."

सोमवारी त्याने तार काढली आणि लिफ्ट बंद ठेवली. ओरड झाली. निरीक्षकांचं पत्र हातात होतंच. कंपनीने आणि रुग्णालयाने निम्मे-निम्मे पैसे घालायचं ठरवलं. बुधवारी लॉक आलं. मुकादमने संध्याकाळी ताईंना फोन केला. "बसवलं. आता हत्तीने ओढलं तरी उघडत नाही. ती आया विचारत होती, त्या बाई कुठे गेल्या म्हणून."

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, बदली झाली. कारण विचारलं नाही तिने. मीही सांगितलं नाही."

कंपनीने एकूण सव्वीस लॉक मागवली. बाकी कंपन्यांनी किती मागवली ते माहीत नाही. 'मशीनरूम'वरचा एकाहत्तरचा आकडा महिनाभरात एकोणिसावर आला. त्या एकोणीस ठिकाणी अजून भांडण चालू असावं.

गोदामांच्या लिफ्ट मोठ्या आणि आडदांड होत्या. तिथे पॅनल उघडायला पुढे येणारं कोणी नव्हतं, म्हणून ते ताईच उघडायच्या. दुपारी खोक्यांच्या सावलीत डबा खायच्या आणि फोन काढून वाचायच्या. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तळमजल्याने पुन्हा लिहायला सुरुवात केली. पहिली ओळ होती, "माझं आता मालवाहू लिफ्टकडे लक्ष देणं चालू आहे." खाली पन्नास जणांनी लिहिलं, "मी वाट बघत होतो." कुणीतरी त्याखाली 'होते वाचावे' अशी दुरुस्ती टाकली. मग हळूहळू पुरुष पुन्हा पुरुष झाले, पण सगळे नाहीत. 'अर्धा मजला' अजून 'आले-गेले' लिहितो. सवय लागली म्हणतो.

सासूबाईंना ताईंनी सगळं सांगितलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

"खोटं बोललीस?"

"नाही."

"नाव सांगितलंस?"

"नाही."

"मग नंबर तोच राहिला," सासूबाई म्हणाल्या आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

'मशीनरूम'ची वर्दळ वाढली तेव्हा जुनी जागा अपुरी पडायला लागली. जास्त क्षमतेची जागा भाड्याने घ्यावी लागली आणि जुन्या दोराने प्रत्येकी पंच्याहत्तर रुपये वर्गणी ठरवली. फोनवरून पैसे पाठवले की पाठवणाऱ्याचं खरं नाव दिसतं. बऱ्याच जणांनी ते चालवून घेतलं. ताईंनी विचारलं, पाकिटात घालून पोस्टाने पाठवता येतील का. जुन्या दोराने कळवलं, त्यासाठी मला माझा पत्ता द्यावा लागेल आणि तो मी कोणालाच देत नाही. वर्षअखेरीस त्याने यादी लावली. एकशे त्रेपन्न सभासदांपैकी एकशे बावन्न जणांचे पैसे आले होते. यादीच्या तळाशी एक ओळ होती: तळमजला, पंच्याहत्तर रुपये, येणे बाकी.